सातवा तारा लुंगीचा

गुरुजींनी गावच्या वाचनालयाच्या अंकासाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. गुरुजी म्हणाले, "म्हणूनच सांगतोय बालाजी. शिकलेले फार लांबण लावतात." गुरुजींचे उपकार आहेत. काही चुकलं असेल तर ते माझं समजावं.

मी पुण्यात एका मालकाची गाडी चालवतो. मालकाचेही उपकार आहेत. त्यांनी मला दोन पांढरे शर्ट दिले आणि सांगितलं, "परदेशी मॅडम आहेत. चार दिवस रायगडच्या किनाऱ्यावर फिरायचंय. गाडीला ओरखडा नको, मॅडमची तक्रार नको." मी दोन्ही गोष्टी मनात म्हणत निघालो. मी समुद्र पाहिलेला नाही, हे मालकांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

मंगळवार : ताम्हिणी ते माणगाव

मॅडमचं नाव रोझालिन. वय साठीच्या पुढे, उंच, पाठ काठीसारखी ताठ, अंगात निळा कोट. कोटाच्या खिशावर त्यांच्या देशाचं चिन्ह होतं. त्या देशाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून मी इथे नुसतं 'बेटं' लिहितो. सात बेटं मिळून एक देश आहे. माणसं आपल्या तालुक्याएवढी. पण झेंडा वेगळा, राष्ट्रगीत वेगळं, पंतप्रधानसुद्धा वेगळा. मॅडमना हिंदी येत होती. लहानपणी त्यांच्या घराशेजारी हिंदुस्थानी व्यापाऱ्याचं दुकान होतं, तिथे शिकल्या.

घाटात त्यांनी मला त्यांच्या देशाचा खेळांतला सगळा इतिहास सांगितला. घाट संपायच्या आत इतिहास संपला.

जगभरचे देश दर चार वर्षांनी खेळायला एकत्र येतात, झेंडे घेऊन मैदानात चालतात, हे आपण टीव्हीवर पाहतो. बेटंही जातात. पहिल्या वेळी तीन माणसं गेली. मॅडम पळायला, एक गृहस्थ वजन उचलायला, आणि एक पुढारी. मॅडम शेवटच्या आल्या. दुसऱ्या वेळी बूट दुसऱ्याच विमानाने गेले. तिसऱ्या वेळी पोहणारा पाठवला. तो आयुष्यभर समुद्रात पोहलेला, त्यामुळे तलावाची भिंत आल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो भिंतीला हात लावून थांबला आणि बाहेर आला. चौथ्या वेळी वादळ झालं, कोणी गेलंच नाही. पाचव्या वेळी सायकलवाला पडला, पण पडताना सगळ्या जगाच्या टीव्हीवर दिसला. त्या दिवशी बेटांवर शाळांना सुट्टी दिली. त्यापुढच्या वेळांचं सांगण्यासारखं काही नाही.

"पदक?" मी विचारलं.

"नहीं।"

"एकही नाही?"

"बालाजी, आगे देखो, बस आ रही है।"

बस गेल्यावर त्यांनी खरी गोष्ट सांगितली. आता बेटांवर खेळांच्या इतिहासाचं एक दालन बांधलंय. पदकं नाहीत, तर भिंतीवर लावायचं काय? झेंडा कोणी धरला त्यांची नावं आणि फोटो लावायचे. पहिलं नाव वजन उचलणाऱ्या गृहस्थांचं. पण ते खरं नाही. त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं. मॅडमची दुसऱ्या दिवशी शर्यत, म्हणून पुढाऱ्याने त्यांना पाच तास उन्हात उभं राहू दिलं नाही. पुढारी स्वतः लंगडे. मग झेंडा धरला तो तिघांत न मोजलेल्या, पुढाऱ्यांच्या आचाऱ्याने. बाहेरचं खाणं सोसत नाही म्हणून पुढाऱ्यांनी त्याला बरोबर नेला होता. त्याचं नाव हसन, गाव आगरदांड्याजवळ, जिल्हा रायगड. वजनवाल्यांचा कोट घालून, वजनवाल्यांच्या नावावर तो मैदानात चालला. कोटात दोन हसन मावले असते.

परत आल्यावर लोकांनी वजनवाल्यांना हार घातले. ते पहिल्या दिवशी नाही म्हणाले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी म्हणता येईना. मग ते मोठे झाले, मंत्री झाले. आता म्हातारपणी त्यांनी मॅडमना सांगितलं, "तो झेंडा आण. मी माझ्या हाताने माझा फोटो उतरवतो. झेंडा नसेल तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला भ्रम झाला."

झेंडा हसनकडे असणार होता. त्यावर सार सांडलं होतं, म्हणून पुढाऱ्याने तो त्याला धुवायला दिला. पुढे दोन महिन्यांत हसन नोकरी सोडून गावी परतला तो झेंड्यासकट. आणि तो झेंडा ओळखायची एक खूण होती. मॅडमच्या आईने तो घाईत शिवला होता. सात बेटांचे सात तारे हवेत, तिने सहाच लावले. चालायला जायच्या तासभर आधी ते लक्षात आलं. हसनने आपल्या चौकड्याच्या लुंगीचा तुकडा कापून सातवा तारा शिवला.

शनिवारी पहाटे मॅडमचं विमान होतं.

माणगावला जेवायला थांबलो. मॅडमकडे हसनच्या घरचा एक फोन नंबर होता. त्यांनी मला फोन लावायला सांगितला. सुनेने उचलला. मला वाटलं, जरा वजनदार बोलावं, म्हणजे व्यवस्था नीट होईल. मी म्हणालो, "परदेशातल्या सरकारच्या मॅडम येतायत. हसनमियांना म्हणावं, घरीच थांबा. कुठे जाऊ नका."



मंगळवार, दुपार : दिघीची खाडी

दिघीला रस्ता संपतो. पुढे पाणी. पलीकडे आगरदांडा. गाडी बोटीत घालून पलीकडे न्यायची. आपल्याकडे नदीला पूर आला तर लोक अलीकडेच थांबतात. इथे रोज थांबत नाहीत.

बोटीत गाडी घातली आणि हँडब्रेक ओढला. मग परत ओढला. मॅडम वर जाऊन वाऱ्यात उभ्या राहिल्या. मी गाडीतच बसून राहिलो, ब्रेकवर पाय ठेवून. एक खलाशी काचेवर टकटक करून म्हणाला, "पाय काढा, शेठ. गाडी कुठं जात न्हाय. बोट जातेय." मी पाय काढला. तो गेल्यावर परत ठेवला.

आगरदांड्याला गाडी उलटी बाहेर काढायची होती. मागे उतार, दोन्ही बाजूंना पाणी. मॅडम परत गाडीत येऊन, वाकून पायाशी पडलेला चष्मा शोधत होत्या. माझे हात घामाने ओले झाले. तेवढ्यात धक्क्यावरून एक म्हातारा पुढे आला. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, हातात कापडी पिशवी. तो मागे उभा राहून हात करू लागला.

"सोड, सोड, सोड... डावीकडं जरा... घाबरतोस कशाला, मी हाय ना... सोड... बस!"

गाडी सुखरूप वर आली. मी काच खाली करून म्हणालो, "चाचा, लई उपकार झाले."

"पहिल्यांदा आलास?"

"हो."

"दिसतं," म्हणाला, आणि आम्ही उतरलेल्या बोटीत चढून दिघीला निघून गेला.

हसनमियांच्या घरी सून दारातच उभी होती. शमीमभाभी. नवरा दोहाला. त्या म्हणाल्या, "अब्बा आत्ताच गेले. तुमचा फोन आला तसे कपडे भरायला लागले. मी म्हटलं, अवो, थांबायला सांगितलंय. तर म्हणाले, म्हणूनच जातोय."

"कुठे गेले?"

"बोटीवर. तुम्हाला दिसले न्हाय? चौकड्याची लुंगी."

मी मॅडमकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहिलं. गाडीला ओरखडा नव्हता.

बुधवार : आगरदांडा

हसनमियां फोन उचलेनात. शमीमभाभींनी सांगितलं की त्यांना चाळीस वर्षं एकच भीती आहे. दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या कोटात, दुसऱ्या देशाचा झेंडा धरून ते साऱ्या जगासमोर चालले होते. एवढा मोठा गुन्हा जिल्ह्यात कोणी केला नसेल, असं त्यांना वाटायचं. दारात पोस्टमन आला तरी ते परसात जात. घरच्यांना गोष्ट माहीत होती, पण ती बाहेर बोलायची नाही, अशी शपथ होती.

"आणि झेंडा?"

"इथं न्हाय. मी लग्न होऊन आले तेव्हाच न्हवता. रेवदंड्याच्या नाखवाला दिला, असं अम्मी सांगायच्या. अब्बांचा जिवाभावाचा दोस्त."

दिवसभर आम्ही थांबलो. दर बोटीला मी धक्क्यावर जाऊन उतरणाऱ्या लुंग्या बघत होतो. तिथे लुंग्या पुष्कळ उतरतात.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. तांदळाची रोटी, कोळंबीचं सालन, आणि सांदण म्हणून एक पांढरा मऊ प्रकार, नारळाच्या दुधात बुडवून खायचा. ज्वारीच्या भाकरीला दात लागतात. सांदणाला नुसतं तोंड उघडावं लागतं. मग मासा आला. काटे कसे काढायचे ते मला माहीत नव्हतं. मी मॅडमकडे बघून खायला लागलो. त्या बेटावरच्या, त्यांना सगळं येतं. माझ्या घशात काटा अडकला. भाभींनी भाताचा कोरडा गोळा गिळायला लावला. काटा गेला, पण सालन माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. दोनांतला एक शर्ट गेला.

"हसन भी यही करता था," मॅडम म्हणाल्या. "सब पर गिराता था।"

गुरुवार : रेवदंडा

मुरूडवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंड्याला गेलो. उजव्या हाताला नारळ-सुपारीच्या वाड्या, डाव्या हाताला समुद्र. मी उजव्या हाताला बघत गाडी चालवली.

रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी बोटी लागलेल्या. प्रत्येक बोटीवर बावटे : लाल, पिवळे, हिरवे, जरीचे, टिकल्यांचे. मॅडम गाडीतून उतरल्या आणि एकेक बोट बघत चालायला लागल्या. मला कळलं, त्या तारे मोजतायत. एवढे बावटे एका ठिकाणी आपल्याकडे फक्त जत्रेत दिसतात. इथे रोजचे.

नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, वारलेले होते. त्यांच्या बायकोला सगळे हिरूबाय म्हणतात. घरापुढे बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले. वास मोठा होता. मी तोंडाने श्वास घेत नमस्कार केला.

"नाक मोकला कर रं पोरा," हिरूबाय म्हणाल्या. "मरत न्हाय कोन."

त्यांनी आम्हाला ओट्यावर गोधडी टाकून बसवलं, ताटं आणली, आणि मग विचारलं, कोण, कुठले. मी सांगितलं. या वेळी सरकार हा शब्द वापरला नाही.

"व्हय, हसनचा बावटा," हिरूबाय म्हणाल्या. "आमच्या बोटीवर व्हता ना. हसन बोलला, लपव कुठंतरी. आमचा म्हातारा बोलला, लपवायचा तर सगल्यांच्या डोल्यांसमोर. लावला बोटीवर. शंभर बावट्यांत एक. पोलिसांची बोट बाजूनं जायची, सलाम करायचे म्हाताऱ्याला." त्या हसल्या. "बारा वर्सं होता. मंग फाटला. वारा काय ठेवतो?"

"फाटला," मी मॅडमना सांगितलं.

मॅडमनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांची पाठ पहिल्यांदा जराशी वाकलेली मी पाहिली. शनिवार परवावर आला होता.

मी खाली बघत बसलो. खाली गोधडी होती. माझी आई वाकळ शिवते. लहानपणी ती शिवत असताना मी सुईत दोरा ओवून द्यायचो. बाबांचं धोतर, माझी शाळेची चड्डी, सगळं तिच्यात गेलंय. आमच्या घरात फाटलेलं कापड कुठे गेलं, असं कोणी विचारत नाही.

"मावशी," मी म्हणालो, "फाटल्यावर त्याचं काय केलं?"

"काय करनार? बोटीवरचा कपडा हाय, टाकतात काय?" त्यांनी आमच्या बुडाखाली बोट दाखवलं. "त्यावरच बसलाव तुमी."

मी हिंदीत सांगताच मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. आपल्या राष्ट्रध्वजावर त्या पंधरा मिनिटं बसल्या होत्या, आणि त्यावर बसून बोंबलाचं कालवण खाल्लं होतं.

पण हिरूबायने गोधडी उचलून छातीशी धरली. "उसवायची न्हाय. म्हातारा गेला तवा शिवलीय मी. त्याचा सदरा हाय आत. या बायला मी वलखत न्हाय. बावटा हसनचा हाय. हसन बोलंल तर देईन."

"हसनमियां फोन उचलत नाहीत."

"माजा उचलंल."

त्यांनी कमरेचा फोन काढला आणि लावला. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. दुसऱ्या रिंगला उचलला.

"हसन! पलालास काय रं?"

"हिरू... पोलीस हायत काय तिथं?"

"पोलीस न्हाय. एक ड्रायवर हाय, तो तुज्यापेक्षा घाबरट हाय. आनि एक बाय हाय, निला कोट घातलेली."



"उंच हाय? पलनारी?"

"आता पलत न्हाय. हिथं हुबी हाय, भुतासारखी. बावटा मागतेय. देऊ?"

"हिरू, त्याच्यावर माझ्या लुंगीचा तारा हाय काय बघ. हाय काय अजून?"

हिरूबायने घरातून ब्लेड आणलं. एका कडेने टाके उसवत गेल्या. आधी एक जुनं पातळ निघालं, मग म्हाताऱ्याचा निळा सदरा. तो त्यांनी बाजूला घडी घालून ठेवला, मांडीखाली. मग निळं-पांढरं कापड. मध्ये फाटलेलं, मिठाने कडक झालेलं, रंग विटलेला. सहा तारे पिवळे होते, म्हणजे कधीतरी असावेत. सातवा चौकड्याचा होता. त्याचा एकही टाका सुटलेला नव्हता.

"हाय," हिरूबाय फोनमध्ये म्हणाल्या.

मॅडम खाली बसल्या, जमिनीवर, बोंबलांच्या शेजारी. त्यांनी तो तारा बोटाने दाबून पाहिला. फोनच्या दिशेने त्या हिंदीत म्हणाल्या, "हसन, कल आओ। पुलिस नहीं है। मैं हूँ।"

मग हिरूबाय मला म्हणाल्या, "आनि माज्या गोधडीत भोक पडला त्याचं काय?"

मी अंगातला पांढरा शर्ट काढून दिला. दुसरा काही विचार सुचला नाही. त्यांनी तो नाखव्याच्या सदऱ्याच्या बाजूला लावून बघितला. "पातल हाय," म्हणाल्या, "पन चालंल." मालकांना काय सांगायचं, हे मी परत येताना मुरूडपर्यंत ठरवत होतो. मॅडम झेंडा मांडीवर घेऊन मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ठंड लग रही है?" मी म्हणालो, नाही. मी बनियनवर होतो आणि काच उघडी होती.

शुक्रवार : आगरदांड्याचा धक्का

शमीमभाभींनी मला त्यांच्या नवऱ्याचा एक चौकड्याचा शर्ट दिला. सकाळी दहाच्या बोटीने हसनमियां आले. हातात तीच पिशवी. धक्क्यावर माझी गाडी दिसताच ते बोटीतच थांबले. शेवटचा माणूस उतरेपर्यंत उतरले नाहीत.

मॅडम खाली गेल्या. दोघं समोरासमोर उभे राहिले. चाळीस वर्षांनी भेटलेली माणसं काहीतरी मोठं बोलतील म्हणून मी जवळ गेलो.

"केस न्हाय ना होणार?" हसनमियां म्हणाले.

"नहीं।"

"लिहून देशील?"

मॅडमनी कागद काढला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्यांच्या देशाच्या वतीने लिहून दिलं. हसनमियांनी तो घडी करून टोपीत ठेवला. मग मॅडमनी फोनचा कॅमेरा लावून विचारलं, झेंडा कोणी धरला होता? हसनमियां म्हणाले, "मी." मॅडम म्हणाल्या, आणखी सांगा. ते म्हणाले, "कोट मोठा होता. उजवीकडं बघून चाल, हसू नको, असं सांगितलेलं. मी हसलो न्हाय. भाजी गॅसवर राहिली होती, तिचा इचार करत होतो."

बोलणं संपलं तरी ते झेंड्याकडे बघत उभेच होते. मॅडमनी एका होडीवाल्याकडून बांबूची काठी मागितली. झेंडा तिला बांधला. फाटलेल्या जागेतून पलीकडचा समुद्र दिसत होता.

"एक बार," त्या म्हणाल्या. "अपने नाम से।"

"इथं?" हसनमियांनी आजूबाजूला पाहिलं. दोन टेम्पो, एक जीप, काही मोटारसायकली बोटीत शिरायला थांबलेल्या. तिकिटवाला त्यांच्या नात्यातला असावा. तो ओरडला, "चाचा, चला बिनधास्त, मी गाड्या धरतो!" एका टेम्पोवाल्याने विचारलं, लग्न आहे काय.

हसनमियांनी काठी घेतली. पाठ ताठ केली. ती मॅडमसारखीच झाली. मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहिल्या, कोटाची बटणं लावून. मग वळून मला म्हणाल्या, "बालाजी, आओ। तीन लोगों को चलना था।"

शाळेत पंधरा ऑगस्टला मी परेडमध्ये नसायचो. गणवेश नव्हता. गुरुजींनी मला पाण्याच्या पिंपाजवळ उभं केलेलं असायचं, त्यात त्यांचा दोष नाही, नियम तसा होता. मी मॅडमना म्हणालो, माझ्या अंगात चौकड्याचा शर्ट आहे. त्या म्हणाल्या, झेंड्यावरही आहे.

मी गाडीचा हँडब्रेक बघून आलो आणि तिसरा उभा राहिलो.

हसनमियां चालायला लागले. हळू, उजवीकडे बघत. उजवीकडे मासळीच्या टोपल्या आणि एक झोपलेलं कुत्रं होतं. तिकिटवाल्याने सलाम केला. जीपवाल्याने हॉर्न वाजवला आणि मग बंद केला. धक्का लांब नाही, दीडशे पावलं असेल. पाणी दोन्ही बाजूंना होतं, पण त्याकडे बघायला सवड नव्हती, कारण डावा पाय आधी टाकायचा की उजवा, हे मला आठवत नव्हतं. मी पुढच्या दोघांकडे पाहिलं. त्यांचे पायही एकमेकांशी जुळत नव्हते.

मग मी उजवा टाकला.